दस्तरखानाची डावी बाजू

मुसलमानाच्या घरी जेवायला जायचे म्हणजे बिर्याणी, असा आमच्या मराठी स्नेह्यांचा पक्का समज असतो. चंद्रपूर जिल्हा परिषदेच्या शाळांत मी एकोणतीस वर्षे शिकवले. मूल, सिंदेवाही, राजुरा, जिथे बदली झाली तिथल्या शिक्षकखोलीत ईदच्या दुसऱ्या दिवशी एकच विचारणा असायची, "बाई, डबा आणला का?" डब्यात काय असावे हे सांगायची कुणाला गरज नसे. एरवी रोज आमच्या चुलीवर काय शिजते, हे मात्र कुणी विचारल्याचे आठवत नाही. रोज शिजतो तो भात. त्यावर चिंचेची खट्टी दाल. कधी अंबाडी, कधी वांगे, कधी पावसाळ्यात काटवल. आठवड्यातून एकदा गोश्त, तेही पगाराचा आठवडा असेल तर. झाडीपट्टीतल्या कुठल्याही घरात शिजते तेच आमच्याकडेही शिजते, फक्त फोडणीला आम्ही 'बघार' म्हणतो.

एक फरक मात्र आहे आणि तो मला सासरी आल्यावर कळला. माझ्या हिंदू मैत्रिणींच्या ताटाला उजवी-डावी बाजू असते. डावीकडे मीठ, निंबाची फोड, चटणी, कोशिंबीर. ही डावी बाजू रिकामी राहिली तर जेवण वाढले असे त्या मानत नाहीत. दस्तरखानाला अशी बाजू नसते. मधोमध एक रिकाबी, तीत उभा चिरलेला कांदा, हिरवी मिरची, निंबू. पाहुणे असतील तर कचुंबर: कांदा, टमाटर, काकडी, सांबार. (विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याला शिकायला गेलेला माझा मुलगा पहिल्याच आठवड्यात मंडईत "दोन रुपयांचा सांबार द्या" म्हणाला आणि भाजीवालीने त्याला उडप्याच्या हॉटेलाचा रस्ता दाखवला.) कचुंबर आमच्याकडे जेवणाचा भाग नाही. जड घास घशाखाली उतरावा म्हणून ते असते. गोश्त नसेल त्या दिवशी कचुंबरही नसते. कच्चा पाला तर नाहीच नाही. माझ्या सासूबाईंनी मेथीच्या घोळाण्याकडे पाहून जे उद्गार काढले ते आमच्या घरात म्हणीसारखे झाले आहेत, "ये तो बकरी का चारा है, दुलहन. बकरी को खिलाओ, फिर बकरी खाओ."

हे सगळे हसण्यावारी गेले असते. पण 2018 साली रमजानच्या तोंडावर आमच्या साहेबांच्या रक्ताचा तपासणी अहवाल आला. मधुमेह आठ वर्षांपासून होताच. या वेळी तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी साडेनऊच्या वर गेली होती, वजन ब्याण्णव किलो आणि रक्तदाबही वाढलेला. आमचे डॉक्टर सरळ बोलणारे आहेत. ते म्हणाले, "या अवस्थेत रोजे ठेवू नका."

रमजान त्या वर्षी 17 मे रोजी सुरू होणार होता. चंद्रपूरचा मे-जून ज्यांनी काढला आहे त्यांना सांगायला नको. पारा 46-47 अंशांवर आणि सहरीपासून इफ्तारपर्यंत साडेचौदा तासांच्या आसपास पाण्याचा थेंब नाही. डॉक्टरांचे चूक काहीच नव्हते. कुरआनमध्येही आजाऱ्याला रोज्यातून सवलत स्पष्ट दिली आहे, हे आमच्या साहेबांना माझ्यापेक्षा जास्त चांगले माहीत. पण माहीत असणे आणि मनाला पटणे वेगळे. कोळसा खाणीत तीन पाळ्यांची नोकरी करताना, भर उन्हात, या माणसाने एक रोजा सोडला नव्हता. दवाखान्यातून घरी येईपर्यंत ते बोलले नाहीत. रात्री तरावीहहून परतले आणि अंगणात खाट टाकून पडले. मी पाणी घेऊन गेले तर म्हणाले, "गोश्त छुडवा दो, चावल छुडवा दो, चाय छुडवा दो. रोजा मत छुडवाओ."

त्या वर्षी रोजे सुटलेच. तीसच्या तीस. ते इफ्तारला बसायचे आणि खजूर हातात धरून इतरांच्या आधी खायची नाही म्हणून थांबायचे. त्या महिन्यात मी त्यांच्याकडे फारसे पाहू शकले नाही. त्याच रमजानात, 3 जूनला, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे गेले. ज्या एचएमटी तांदळाचा भात आम्ही दोन्ही वेळा खातो, तो त्यांनी आपल्या तुटपुंज्या शेतात एकेक लोंबी निवडून काढलेला. पेपरातली बातमी वाचून साहेब म्हणाले, "इनका चावल खा-खा के ही तो ये हाल हुआ." आणि मग बराच वेळ गप्प बसले. तांदळाचा काय दोष? त्यांनाही ते माहीत होते.

पुढच्या रमजानपर्यंत वर्ष होते. डॉक्टरांनी सांगितलेले गणित सोपे होते. भात निम्मा करा आणि जेवायला बसल्यावर आधी वाटीभर कच्ची भाजी खा, मग बाकीचे. आधी तंतू पोटात गेले की मागून येणाऱ्या भाताची साखर रक्तात सावकाश उतरते. पण ज्या माणसाने साठ वर्षे कच्च्या पाल्याला बकरीचा चारा मानले, त्याने रोज दोन वेळा वाटीभर पाला खावा तरी कसा? नुसते मीठ-निंबू टाकून पहिले चार दिवस खाल्ला. पाचव्या दिवशी वाटी तशीच परत आली.

म्हणजे प्रश्न पाल्याचा नव्हता. पाल्याला काय लावायचे, हा होता.

मुलाने पुण्याहून सॅलडवर ओतायची एक बाटली पाठवली. पांढरी, दाट, लसणाचा वास. साहेबांना ती फार आवडली. गाजर, काकडी, पत्ताकोबी, सगळे त्यात बुचकळून त्यांनी मिटक्या मारत खाल्ले. मी चष्मा लावून बाटलीवरची बारीक अक्षरे वाचली. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, जे सर्वांत जास्त ते आधी. पहिले नाव होते सोयाबीन तेलाचे. मग पाणी, मग साखर. शिक्षिकेच्या सवयीने मी वहीत हिशेब मांडला. दोनशे ग्रॅम काकडीत तीसेक कॅलरी असतात. तेलाच्या एका मोठ्या चमच्यात 120. मेयोनीज म्हणतात त्यात तर तीन हिश्शांच्या आसपास तेलच असते. साहेब रोज काकडीच्या निमित्ताने तीन चमचे बाटली रिचवत होते. म्हणजे काकडी निमित्ताला आणि कॅलरी तेलाच्या. बाटली मी नातवंडांसाठी फ्रीजच्या वरच्या कप्प्यात ठेवली.

इथे एक गोष्ट लिहायलाच हवी. तेलाचे नाव काढले की गडचिरोलीच्या डॉ. अभय बंग यांची आठवण येते. 1995 साली त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि पुढे 2000 साली 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे पुस्तक निघाले. आमच्या खाण कॉलनीत त्या पुस्तकाची एक प्रत इतक्या घरांतून फिरली की तिची पाठच निखळली. साहेबांनीही ते वाचले होते, तब्येत ठणठणीत असताना, म्हणजे कादंबरी वाचावी तसे. आता मी ते पुन्हा त्यांच्या उशाशी ठेवले. पण तेल अगदी शून्य करावे, असे मला डॉक्टरांनी सांगितले नाही. गाजर आणि हिरव्या पानांतले जे द्रव्य शरीरात जाऊन 'अ' जीवनसत्त्व होते, ते अंगी लागायला थोडा स्निग्धांश लागतोच. चहाचा एक चमचा तेल पुष्कळ झाले. त्याच्या 40-45 कॅलरी. मला हवे होते ते असे काहीतरी की जे चमचाभर तेलात किंवा त्याहून कमीत पानाला धरून राहील, जिभेला लागेल आणि साठीच्या खाणकामगाराला चारा खाल्ल्यासारखे वाटणार नाही.

मी पुस्तकात शोधण्याआधी आठवणीत शोधले. माझे माहेर चामोर्शी. तिथे आमच्या घरामागे एक गोंड मावशी राहायच्या. आमच्या अम्मीचे आणि त्यांचे बहिणीसारखे चाले. उन्हाळ्यात त्या चिवळीची भाजी आणायच्या, बारीक पानांची, जमिनीलगतची, जरा आंबटसर. अम्मी ती डाळीत शिजवायची. मावशी मात्र अर्धी कच्चीच ठेवायच्या, कांदा, मिरची, मीठ घालून चुरायच्या आणि वरून भाजलेल्या जवसाची पूड भुरभुरायच्या. तेलाचा थेंब नाही. तरी ती भाजी तेलकट लागायची. लहानपणी मला त्यात जादू वाटायची. जादू जवसात होती, हे आता कळते.

जवस म्हणजे अळशी. आमच्या भागात धानाची कापणी व्हायच्या आधीच, उभ्या पिकात, ओल्या चिखलात लाखोळी आणि जवस फेकून पेरतात. त्याला उतेरा म्हणतात. नांगर नाही, खत नाही, धान कापले की खालचे पीक वर येते. जानेवारीत निळी फुले फुललेली बांधी मी कित्येकदा एसटीच्या खिडकीतून पाहिली आहे. गरिबाचे पीक म्हणून त्याला कुणी विचारत नसे. आता शहरात त्याच बिया पाकिटात भरून औषधाच्या भावाने विकतात, कारण जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त भाग ओमेगा-तीन प्रकारच्या मेदाम्लाचा असतो, हृदयाला चांगला. कॅलरी तशा जवसात कमी नसतात, तीळ किंवा फल्लीदाण्यासारख्याच भरपूर. पण भाजून, लसूण-मिरची-जिरे घालून कुटलेली चटणी चहाचा चमचाभर घेतली तर पंधरा-वीस कॅलरींत काम होते. भाजायचे मात्र नक्की. कच्च्या जवसात थोडे विषारी अंश असतात आणि आपल्या आया-आज्यांनी ते कुठल्याही प्रयोगशाळेशिवाय ओळखले होते.

चटणीने पहिला आठवडा निघाला. काकडीवर, मुळ्यावर, पत्ताकोबीवर ती चालली. पण पालक, मेथी, चिवळ यांच्या पानांवर कोरडी पूड बसत नाही, खाली वाटीच्या बुडाशी जाते. बाटलीतल्या पांढऱ्या दाटपणाची साहेबांना आठवण येई. तेव्हा मी जवसाचा दुसरा गुण वापरला. जवस पाण्यात टाकले की बुळबुळीत होते हे कुणीही पाहिले असेल. अख्खे जवस थोड्या पाण्यात दहा मिनिटे मंद आचेवर उकळायचे आणि गरम असतानाच गाळून घ्यायचे. थांबलात तर गाळणीतून उतरत नाही. अंड्याच्या पांढऱ्यासारखे दाट पाणी हाती येते. हा दाटपणा तेलाचा नाही, विरघळणाऱ्या तंतूंचा आहे. कॅलरी नावापुरत्या. त्यात निंबाचा रस, ठेचलेला लसूण, मिरे, चिमूटभर मीठ आणि फेसलेली मोहरी घातली की ते पानाला असे चिकटते की हलवले तरी सुटत नाही.

मोहरी फेसणे मला एका ब्राह्मण सहशिक्षिकेने मूलला शिकवले होते, काकडीच्या कोशिंबिरीसाठी. कोरडी कुटलेली मोहरी नुसती कडू लागते. ती गार पाण्यात घोटत राहिले की पाच-दहा मिनिटांत नाकात झणका जातो. पाणी लागल्यावर तिच्यातले द्रव्य जागे होते. गरम पाणी घातले तर ते मरते, आणि आंबट आधी घातले तर झणका धिमा राहतो. म्हणून आधी पाणी, मग थोडा दम, मग निंबू. विलायतेत सॅलडमध्ये मोहरी घालतात ती नुसत्या चवीसाठी नाही, तेल आणि आंबट एकत्र धरून ठेवण्यासाठीही. आमच्या कुलकर्णी-देशपांडे मंडळींना हे केव्हापासून माहीत होते कोण जाणे. त्यांच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहूनही आमच्या घरांत ते का आले नाही, याचा विचार मी अनेकदा करते. गणपतीचा प्रसाद यायचा, शिरखुर्मा जायचा. गोड तेवढे भिंत ओलांडून जाई. कोशिंबीर कुणी कुणाकडे पाठवत नाही.

सासर राजुऱ्याचे, म्हणजे हैदराबादच्या चवीचे. राजुरा तालुका 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता आणि आमच्या सासूबाईंच्या हाताला ते राज्य शेवटपर्यंत होते. वांगी असोत की मिरच्या, तीळ, फल्लीदाणे, खोबरे भाजून वाटायचे, चिंच घालायची आणि वर तेलाचा तवंग येईपर्यंत परतायचे. चव अशी की माणूस बोटे चाटत बसेल. आणि कॅलरी अशा की न मोजलेल्या बऱ्या. मी त्यातली चिंच ठेवली, भाजलेले जिरे ठेवले, तीळ चमचाभर ठेवले, खोबरे आणि तवंग काढून टाकला. पातळ झालेल्या या वाटणात किसलेले गाजर आणि मुळा कालवला. पहिल्या घासाला साहेब थांबले आणि म्हणाले, "अम्मी का सालन है?" मी काही बोलले नाही. त्या दिवशी वाटी चाटून-पुसून स्वच्छ झाली.

तिथून पुढे आंबटाने मला हात दिला. ज्यांना मीठही कमी करायचे आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावे. आंबट असले की जीभ मिठाची फार आठवण काढत नाही. आणि आंबटाची आमच्या जंगलाला ददात नाही. अंबाडीची पाने जरा पाण्यात शिजवून लसूण-मिरचीबरोबर घोटली की दाट, हिरवी, तेलाशिवायची चटणी होते. सिरोंच्याकडे तेलगू बोलणारे लोक तिला गोंगुरा म्हणतात आणि तेलात बुडवून वर्षभर ठेवतात, ती वेगळी. अंबाडीच्या लाल बोंडांचे पाणी काढले तर बिटावर, कांद्यावर फार छान. कवठाचा गर आहे, त्याला गूळ घालायचा मोह आवरावा लागतो. चुलीत भाजलेले टमाटर आहे. सालीसकट करपवून चुरडलेल्या त्या टमाटरला काहीच लागत नाही, फक्त मीठ, सांबार आणि हिरवी मिरची. घट्ट दही शंभर ग्रॅमला साठेक कॅलरी देते. त्यात पुदिना वाटून घातला की बाटलीची आठवण कमी होते. एक बारीक गोष्ट मात्र अनुभवाने सांगते. मीठ अगदी शेवटी, वाढताना. आधी घातले तर काकडी-टमाटर पाणी सोडतात आणि वरचे सगळे त्या पाण्यात वाहून जाते.

भामरागड, एटापल्लीकडे माडिया लोक लाल मुंग्यांची चटणी करतात. आंबट-तिखट. तो आंबटपणा मुंगीतल्या फॉर्मिक आम्लाचा. शेजारच्या बस्तरमध्येही ती असते आणि ओडिशातल्या मयूरभंजच्या अशाच चटणीला 2024 च्या जानेवारीत भौगोलिक मानांकन मिळाले. आमच्याकडे मुंगी मारू नये अशी हदीस आहे, त्यामुळे मी ती चाखली नाही. पण केंद्राच्या एका प्रशिक्षणात माडिया शिक्षकाने डबा उघडला तेव्हा निंबाच्या पानासारखा वास खोलीभर पसरला होता. शेजारच्या दोन गुरुजींनी तोंड वाकडे केले. मला तो डबा माझ्या ईदच्या डब्यासारखा वाटला. फरक इतकाच की त्याचा डबा कुणी मागत नव्हते.

सिरक्याचेही सांगायचे राहिले. पैगंबरसाहेबांनी भाकरीबरोबर सिरका आवडीने खाल्ल्याची आणि त्याची तारीफ केल्याची हदीस आहे. साहेबांना ती ठाऊक होती. पण बाजारात पांढऱ्या बाटलीत मिळते ते कारखान्यातले पातळ आम्ल. त्याला वास आहे, चव नाही. मग आमच्या नात्यातल्या एका आपाने, त्यांचे शेत वरोऱ्याच्या पुढे आहे, हरभऱ्याची आंब पाठवली. हिवाळ्यात हरभरा घाटे धरतो तेव्हा त्याच्या पानांवर, देठांवर आंबट दव साठते. हरभऱ्याच्या वावरातून चालले तर पाय चुरचुरतात ते त्यामुळेच. रात्री त्या पिकावर पातळ सुती कापड पसरतात किंवा पहाटे कापड फिरवतात, ओले झाले की भांड्यात पिळतात. मॅलिक आणि ऑक्झॅलिक या आम्लांचे ते पाणी. पूर्वी घरोघरी पोटदुखीवर द्यायचे. पाच-सहा पहाटा राबल्यावर पावभर बाटली भरते. ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे त्यांनी तिच्यापासून लांब राहावे. आणि आता शेतात फवारे इतके होतात की आपा घराजवळच्या चार सरींत औषध मारू देत नाहीत आणि फक्त तिथलीच आंब काढतात. बाजारात ही मिळणार नाही. तिचे दोन थेंब जवसाच्या पाण्यात टाकले की डोळे आपोआप मिटतात. साहेब म्हणाले, "ये है असली सिरका."

2019 चा रमजानही मेमध्येच होता. त्या वेळी तीन महिन्यांची साखर आठाच्या खाली आली होती, वजन चौऱ्याऐंशी. डॉक्टरांनी पुन्हा नाही म्हटले. उन्हाळा कडक आहे, म्हणाले. साहेब आले तसे गेले आणि संध्याकाळी मुळा किसायला बसले. मला हे अपेक्षित नव्हते. या माणसाने चाळीस वर्षांत विळीला हात लावला नव्हता.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतो. 2024 मध्ये तो 12 मार्चला सुरू झाला. दिवस लहान, पहाटे गारवा, जंगलात मोहफुले पडू लागलेली. त्या वर्षी डॉक्टरांनी दोन महिने आधी बोलावले, गोळ्यांच्या वेळा आणि मात्रा बदलून दिल्या आणि रोज बोट टोचून साखर पाहायची अट घातली. मोहल्ल्यातल्या काही बुजुर्गांना वाटत होते की रक्त निघाले की रोजा तुटतो. मौलानासाहेबांनी स्वतः घरी येऊन सांगितले की अशा तपासणीने रोजा तुटत नाही. साखर 70 च्या खाली गेली किंवा 300 च्या वर, तर वेळ कोणतीही असो, रोजा सोडायचा, हे डॉक्टरांनी कागदावर लिहून दिले. तो कागद साहेबांनी घड्याळाखाली चिकटवला. आमच्या वाचकांत मधुमेही असतील त्यांनी हे सगळे आपापल्या डॉक्टरला विचारूनच करावे. एकाची गोळी दुसऱ्याला लागू पडत नाही.

इफ्तारची तबके मात्र भांडणाशिवाय बदलली नाहीत. भजिये, समोसे, तळलेली चनाडाळ यांशिवाय रमजान कसला, असे सुनांचे म्हणणे, आणि ते अगदीच खोटे नाही. दिवसभर उपाशी माणसाला कुरकुरीत हवे असते. मी भजिये बंद केले नाहीत. दस्तरखानाच्या डावीकडे (आता आमच्या दस्तरखानाला डावी बाजू आहे) मोठ्या परातीत काकडी, गाजर, कोवळी मेथी, मोड आलेले मूग आणि जवसाच्या पाण्याचे कालवण ठेवले. नियम एवढाच की खजूर आणि पाण्यानंतर पहिला हात परातीत, मग भजियांत. नातवंडांनी खेळ म्हणून पाळला, सुनांनी माझ्याकडे पाहून. तिसऱ्या रोजाला मोठ्या सुनेने मला न विचारता त्यात भाजलेले टमाटर चुरडून घातले. माझ्या कालवणापेक्षा ते बरे झाले होते.

त्या वर्षी साहेबांचे सव्वीस रोजे झाले. चार दिवस आकडा उतरला म्हणून सोडले. सोडलेल्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला ते स्वयंपाकघरात येऊन बसायचे, मुकाट भात खायचे, आणि मी रोज्याने आहे म्हणून माझ्याकडे पाठ करून खायचे.

आंबेची बाटली आता त्यांच्या ताब्यात असते. पाहुणे आले की फ्रीजमध्ये मागे सरकवतात. माझ्या ब्राह्मण मैत्रिणीने मागच्या हिवाळ्यात पाव बाटली मागितली तर म्हणाले, "मोहरी शिकवली त्याचे अर्धी वाटी देऊ, जास्त नाही." मराठीत म्हणाले. हिशेबाचे बोलणे ते मराठीतच करतात.